शाळेतील संगणकांमधील फायलींची देवघेव आणि बंद दारांचा शोध

(येरवडा येथे जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून पहिल्या बाकावरील एका गुरुजींनी मला हळूच विचारले, "सर, हे काम संगणक दुरुस्त करणाऱ्याचे, ते आमच्या गळ्यात कशाला?" प्रश्न रास्त आहे. परंतु तालुक्याच्या गावाहून असा कारागीर शाळेत यावयाचा म्हणजे कधी आठ दिवस लागतात, कधी तो येतच नाही. आणि आलाच, तर पाच मिनिटांत जे करून जातो त्याला दुरुस्ती म्हणावे की नाही, याविषयी मला शंका आहे. ती का, हे पुढे माझ्याच एका चुकीच्या उदाहरणाने सांगणार आहे. शिवाय हा विषय यंत्राचा थोडा आणि क्रमाने विचार करण्याचा फार आहे. पाढे चुकणाऱ्या मुलाचे नेमके कोठे चुकते हे आपण ज्या रीतीने शोधून काढतो, त्याच रीतीने हेही शोधावयाचे आहे.

अडचण नेहमीची आहे. शाळेत चार-पाच संगणक आहेत, एक वायफायची पेटी आहे. एका संगणकावरील पाठाची चित्रफीत, मुलांच्या वर्णनात्मक नोंदी किंवा छायाचित्रे दुसऱ्यावर न्यावयाची आहेत. पेनड्राइव्हने ते काम होते. पण पेनड्राइव्ह गावभर फिरतो आणि गोवराच्या साथीसारखा एका यंत्राचा रोग दुसऱ्यास लावतो. म्हणून आपण लोकलसेंड किंवा सिंकथिंग यांसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवितो, अथवा विंडोजमध्येच असलेली सामायिक फोल्डरची सोय वापरतो. शाळेच्या आतल्या आत फायली पाठविण्यास यांपैकी कशालाही इंटरनेटची गरज नाही, हा आपल्या डोंगराळ भागातील शाळांना मोठाच लाभ. आणि मग ऐन तासाच्या वेळी घडते असे की, दोन्ही संगणक चालू, दोन्हींवर सॉफ्टवेअर चालू, तरी एकाला दुसरा दिसत नाही. किंवा दिसतो, पण फाईल शून्य टक्क्यांवर अडून बसते. चाळीस मुले तोंडाकडे पाहत असतात.

ही अडचण समजण्यास दोन गोष्टी माहीत हव्यात: पत्ता आणि दार.

वायफायच्या पेटीला जोडलेल्या प्रत्येक यंत्रास एक पत्ता मिळतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. हा झाला घराचा पत्ता. पण एका घरात अनेक कामे चालतात, म्हणून प्रत्येक कामास एक क्रमांकाचे दार दिलेले असते. त्या दारास पोर्ट म्हणतात. दारांचे क्रमांक शून्यापासून ६५,५३५ पर्यंत असतात. संकेतस्थळांची पाने ८० आणि ४४३ या दारांनी येतात. विंडोजची सामायिक फोल्डरे मुख्यतः ४४५ या दाराने. लोकलसेंड ५३३१७ या दारावर बसते. सिंकथिंग २२००० वर. पत्ता बरोबर आणि दार चुकले, तर पाहुणा घरापाशी येऊनही अंगणात उभा राहतो.

दारांतही दोन जाती आहेत आणि त्यांचा भेद पुढे कामास येणार आहे. टीसीपी नावाच्या पद्धतीत प्रत्येक पाकिटाची पोचपावती घेतली जाते. यूडीपी नावाच्या पद्धतीत साधे कार्ड पेटीत टाकले की पाठविणारा मोकळा झाला. ज्याची पोचपावती नाही, ते पोचले की नाही हे पाठविणाऱ्यास कळत नाही. लोकलसेंड दोन्ही पद्धती वापरते. "मी येथे आहे" अशी दवंडी ते यूडीपीने पिटते, आणि प्रत्यक्ष फाईल टीसीपीने पाठविते. दवंडी ऐकू आली नाही म्हणून माणूस घरी नाही असे होत नाही. "सर, दुसरा संगणक दिसतच नाही," ही तक्रार पुष्कळदा दवंडीची असते, दाराची नव्हे. अशा वेळी लोकलसेंडमध्ये समोरच्या यंत्राचा पत्ता हाताने लिहून पाहावा. फाईल मुकाट्याने जाते.

आता भिंतीकडे येऊ. आपण जेथे बसलो आहोत तेथून येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह दूर नाही. १९३० साली महात्मा गांधी तेथे बंदिवान असताना दर आठवड्यास साबरमतीच्या आश्रमास पत्र लिहीत. आश्रमाच्या व्रतांविषयीची ती पत्रे पुढे 'मंगल प्रभात' या नावाने पुस्तकरूपाने आली. पत्र बाहेर जाई, पत्राचे उत्तर आत येई. पण वाटेल त्याने वाटेल तेव्हा दरवाजा ठोठावून आत यावे, अशी सोय नव्हती. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे कराराची बोलणी त्याच भिंतींच्या आत झाली आणि २४ सप्टेंबरला सह्या झाल्या. त्या दिवसांत डॉ. आंबेडकर, सप्रू, जयकर आदी मंडळी आत जाऊन आली. त्याकरिता भिंत पाडावी लागली नाही. ठराविक माणसांना, ठराविक कामाकरिता, ठराविक दाराने सोडण्यात आले. त्या थोर प्रसंगाचा उपयोग मी एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी करतो आहे, याबद्दल क्षमा असावी. पण भिंतीचा स्वभाव समजावून देण्यास याहून जवळचे उदाहरण मला येथे सापडत नाही.

फायरवॉल ही अशीच भिंत होय. आपल्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवही डोळ्यांपुढे आणा. जे पत्र शाळेतून बाहेर गेले त्याची जावक नोंद होते. त्या क्रमांकाचे उत्तर आले की कारकून ते बिनतक्रार आवकेत घेतो. ज्याची जावक नोंद नाही असे कोणी अनोळखी दारात आले, तर त्याच्या नावाची आधीची परवानगी आहे का हे पाहिले जाते. नसेल तर त्याला परत पाठवितात. फायरवॉलही हेच करते. "इंटरनेटवरचे पान तर उघडते, मग शेजारच्या खोलीतली फाईल का येत नाही?" या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. पान हे आपण मागितलेले उत्तर असते. शेजारच्या संगणकाकडून येणारी फाईल ही न बोलाविता आलेली पाहुणी असते. फायलींची देवघेव म्हटली की दोहोंपैकी एका यंत्रास दार उघडून बसावेच लागते, आणि दार उघडणे हे भिंतीच्या स्वभावाविरुद्ध आहे.

गंमत म्हणजे हा झगडा फायली पाठविण्याच्या शास्त्राइतकाच जुना निघाला. फाईल एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्याच्या एफटीपी या पद्धतीचा पहिला मसुदा १९७१ च्या एप्रिलमध्ये अभय भूषण या भारतीय गृहस्थांनी लिहिला. ते कानपूरच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी, त्या वेळी अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये होते. या पद्धतीच्या रूढ झालेल्या रूपात बोलणे २१ क्रमांकाच्या दाराने होई, आणि फाईल देतेवेळी देणारे यंत्र उलट दिशेने, २० क्रमांकाच्या दारातून, मागणाऱ्याकडे येई. तेव्हा सगळे ओळखीचे होते, भिंती नव्हत्या, काही बिघडले नाही. पुढे भिंती उभ्या राहिल्या आणि हे उलट येणारे यंत्र मागणाऱ्याच्याच भिंतीवर आपटू लागले. शेवटी मागणाऱ्यानेच दोन्ही वेळा बाहेर जावे, अशी दुसरी तऱ्हा प्रचारात आली. अजूनही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बोलणे सुरू होते पण यादी दिसत नाही आणि फाईलही उतरत नाही, असे झाले तर 'पॅसिव्ह' नावाची खूण करून पाहावी. त्याचे मूळ हे आहे.

आता माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी भीमाशंकराच्या बाजूच्या एका केंद्रशाळेत मी संगणक दाखविण्यास गेलो होतो. तेथील बाईंनी एक सुंदर काम चालविले होते. तिसरी-चौथीची मुले आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेत, फोनवर ध्वनिमुद्रित करीत, आणि त्या फायली शाळेतल्या एका संगणकावर साठवीत. शंभरावर ओव्या झाल्या होत्या. फोनमधून संगणकावर फाईल जाईना, म्हणून बाईंनी मला बोलाविले. मी दहा मिनिटे खटपट केली, मुले भोवती जमली, मला संकोच वाटू लागला. आणि मी सरळ फायरवॉल संपूर्ण बंद केली. फायली तत्काळ गेल्या. मुलांनी टाळ्या वाजविल्या. भिंत पुन्हा उभी करावयाची मी विसरलो. खरे सांगावयाचे तर विसरलो असे म्हणणेही मला सोयीचे आहे. चालते आहे ना, मग कशाला हात लावा, असा विचार मनात आला होता.

त्या संगणकाची प्रणाली जुनी होती, तिची वर्षानुवर्षे कोणी सुधारणा केलेली नव्हती. पुढच्याच आठवड्यात कोणीतरी शहरातून आलेला लॅपटॉप छपाईसाठी त्याच वायफायला जोडला. त्यातील रोग ४४५ च्या दाराने आत शिरला. आम्हांस हवे होते लोकलसेंडचे एकच दार, आणि मी मात्र सर्व दारे उघडी टाकली होती. दुसऱ्या दिवशी फायलींची नावे बदललेली, एकही उघडेना, आणि पडद्यावर पैशांची मागणी. ओव्यांपैकी काही मुलांच्या घरच्या फोनमध्ये शिल्लक सापडल्या, बऱ्याच बाईंनी पुन्हा म्हणवून घेतल्या. एक आजी मात्र मधल्या काळात वारल्या होत्या. त्यांच्या सात ओव्या होत्या. बाई मला कधी काही बोलल्या नाहीत.

असा हल्ला म्हणजे एखाद्या शाळेचे दुर्दैव, असेही नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा रोग याच ४४५ च्या दाराने पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांवर संगणक त्याने बंद पाडले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रोग्यांना परत पाठवावे लागले. त्यावरील औषध, म्हणजे विंडोजची सुधारणा, त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. तत्पूर्वी २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा असाच रोग १३५ च्या दाराने आला होता. पुढच्या वर्षी विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या मोठ्या सुधारणेपासून फायरवॉल आपोआप चालू ठेवण्याची पद्धत पडली. तेव्हा "फायरवॉल बंद करा, सर्व सुरळीत होईल" असे जो सांगेल, तो मी त्या दिवशी जसा होतो तसा आहे असे समजावे.

मग करावे काय? नेमके कोणते दार बंद आहे ते शोधावे आणि तेवढेच उघडावे. शोध आतून बाहेर करीत जावा: आधी आपले यंत्र, मग आपली खोली, मग बाहेरचे जग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर कोणत्या गोष्टीने झाले ते कळत नाही; पुढच्या वेळी पुन्हा चारही कराव्या लागतात.

पहिला प्रश्न: दारामागे कोणी बसले आहे का? ज्या संगणकाने फाईल घ्यावयाची, त्यावर सॉफ्टवेअर खरोखरच चालू आहे का? काळ्या आज्ञापटलावर 'नेटस्टॅट' ही आज्ञा, तिच्यापुढे जोडरेघ आणि ए, एन, ओ ही तीन रोमन अक्षरे लिहिली की, कोणकोणत्या दारांवर कोण कान देऊन बसले आहे त्याची यादी येते. त्यात आपल्या दाराचा क्रमांक आणि 'लिसनिंग' हा शब्द दिसला पाहिजे. कधी असे होते की, एकाच दारावर दोघांनी हक्क सांगितलेला असतो. कोलिब्री नावाचे शिकण्याचे सॉफ्टवेअर काही शाळांत वापरतात. ते ८०८० हे दार घेते. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरनेही तेच दार मागितले, तर जो आधी आला तो बसतो आणि दुसरा उपाशी राहतो. एकाचा क्रमांक बदलला की भांडण मिटते.

दुसरा प्रश्न: दोन्ही यंत्रे एकाच आळीत आहेत का? पत्ता पाहण्याची आज्ञा 'आयपीकॉन्फिग'. दोहोंच्या पत्त्यांचे पहिले तीन आकडे आपल्या शाळांच्या साध्या मांडणीत सारखे असावयास हवेत. एखाद्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला वायफायच्या पेटीने पत्ताच दिलेला नाही, त्याने स्वतःच एक ठोकून दिला आहे, असे समजावे. दोष तारेत किंवा पेटीत आहे, फायरवॉलला बोल लावू नये. तसेच पत्ते कायमचे नसतात. काल ज्याच्या शेवटी ७ होता, त्याच्या शेवटी आज १२ असू शकतो. सिंकथिंग आपल्या जोडीदारांना पुन्हा शोधून काढते. पण आपण हाताने लिहून ठेवलेला पत्ता शिळा होतो. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेले पत्ते मी पुष्कळ शाळांत पाहिले आहेत, आणि त्यांतले निम्मे चुकीचे असतात.

तिसरा प्रश्न सर्वांत फसवा आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ देतो. विंडोज प्रत्येक वायफायला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा शिक्का मारते. पब्लिक म्हणजे एस.टी. स्टँडावरची गर्दी, तेथे कोणालाही दार उघडावयाचे नाही. प्रायव्हेट म्हणजे आपले घर. नवे वायफाय जोडले की बहुधा पब्लिकचा शिक्का बसतो. पेटी बदलली, किंवा वीज गेली म्हणून गुरुजींनी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, की विंडोजच्या दृष्टीने ते नवे गाव झाले आणि पुन्हा पब्लिकचा शिक्का. "सर, काल चालत होते, आज काहीही न बदलता बंद पडले," असे जेव्हा आपण म्हणता, तेव्हा बहुधा हेच बदललेले असते. शाळेच्या स्वतःच्या वायफायवर सेटिंगमध्ये जाऊन शिक्का प्रायव्हेट करावा. यात्रेच्या, बाजाराच्या, उपाहारगृहाच्या वायफायवर कदापि करू नये.

याच्याच जोडीला आणखी एक खोच आहे. नवे सॉफ्टवेअर पहिल्यांदा दारावर बसावयास जाते, तेव्हा विंडोज एक चौकट दाखवून परवानगी विचारते. इंग्रजीतली चौकट पाहून आपण घाबरतो आणि 'कॅन्सल' दाबतो. आपली समजूत अशी की, आपण काहीच ठरविले नाही. वस्तुतः विंडोज ते "नाही" असे समजते आणि त्या सॉफ्टवेअरच्या नावाने मनाईचे नियम लिहून ठेवते. पुढे आपण परवानगीचे दहा नियम लिहिले तरी मनाईचा एक नियम त्यांवर मात करतो. अशा शाळेत मी दोन दिवस गुरफटलो होतो. उपाय सोपा आहे. फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये 'इनबाउंड रूल्स' नावाची यादी उघडावी. त्या सॉफ्टवेअरच्या नावापुढे लाल खूण असलेल्या ओळी असतात, बहुधा दोन, एक टीसीपीची आणि एक यूडीपीची. त्या पुसून टाकाव्यात, सॉफ्टवेअर पुन्हा चालू करावे आणि चौकट आली की प्रायव्हेटपुरती परवानगी द्यावी. ज्या संगणकात रोगप्रतिबंधक सॉफ्टवेअर वेगळे घातलेले आहे, त्यात दुसरी एक फायरवॉल असू शकते. विंडोजचे दार उघडूनही काम अडले तर तेथेही पाहावे.

चौथी चाचणी दुसऱ्या संगणकावरून करावयाची. सर्वांना 'पिंग' ही आज्ञा ठाऊक आहे. आपणांपैकी पुष्कळांनी एम.एस.-सी.आय.टी.च्या वर्गात ती ऐकली असेल. पिंगचे उत्तर आले तर रस्ता आहे हे नक्की. न आले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पुष्कळ भिंती पिंगलाच उत्तर देत नाहीत. त्यापेक्षा पॉवरशेलमधील 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा अधिक प्रामाणिक आहे. तिला पत्ता आणि दाराचा क्रमांक द्यावा. ती नेमके तेच दार ठोठावून 'ट्रू' किंवा 'फॉल्स' सांगते. एवढे ध्यानात असावे की, ती टीसीपीचीच दारे ठोठावते. यूडीपीच्या कार्डाला पोचपावती नसते हे आपण मघाशी पाहिलेच.

दार न उघडल्यास ते कसे उघडले नाही, हेही ऐकावे. लगेच "नकार" आला, तर बहुधा घर सापडले, पण दारामागे कोणी नाही. सॉफ्टवेअर बंद आहे. बराच वेळ काहीच न घडता शेवटी "वेळ संपली" असे आले, तर मध्ये भिंत आहे आणि तिने पाहुण्याला न कळवताच बाजूस सारले. वर्गात उत्तर चुकलेला मुलगा आणि गप्प बसलेला मुलगा यांत आपण जो फरक करतो, तोच हा. येथे एक सावधगिरी सांगतो. विंडोजची भिंत चालू असताना ती रिकाम्या दारांच्या बाबतीतही मौनच पाळते. म्हणून नेटस्टॅटने आधी दारामागे माणूस आहे याची खात्री करून घ्यावी, असा क्रम मी धरला. क्रम उलटा केला की मौनाचे दोन अर्थ होतात.

इतके सर्व नीट असून दोन्ही संगणकांवर इंटरनेट चालते आणि तरी ते एकमेकांना ओळख देत नाहीत, असे झाल्यास वायफायच्या पेटीकडे वळावे. काही पेट्यांत जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय असते. 'गेस्ट' नावाचे वायफाय बहुधा असेच असते. हे ओळखण्याची युक्ती म्हणजे दोन्ही संगणक पाच मिनिटांपुरते दुसऱ्याच पेटीला किंवा तारेने जोडून पाहणे. तेथे चालले, तर दोष पेटीचा.

आता शाळेबाहेरचे. काही शिक्षकांना शाळेतील फायली घरून हव्या असतात. येथे मी थोडक्यात बोलतो, कारण येथे मेहनत जास्त आणि लाभ कमी. शाळेतील सर्व यंत्रे बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. मुख्याध्यापकांच्या नावे सगळ्यांचे टपाल यावे तसे. बाहेरून आलेले आत कोणाकडे द्यावयाचे, ते पेटीत लिहून ठेवावे लागते. परंतु मोबाइल कंपनीच्या जोडणीवर बहुधा तेही चालत नाही, कारण कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एक पत्ता वापरते. शाळेच्या आवक नोंदवहीच्या वर कंपनीची आणखी एक नोंदवही असते आणि तीत आपल्याला लिहिता येत नाही. पेटीच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचा आकडा दिसला, तर हीच गोष्ट आहे असे समजून प्रयत्न सोडून द्यावा. हे पत्ते २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवण्यात आले. सिंकथिंग अशा वेळी तिसऱ्या यंत्राच्या मध्यस्थीने फायली नेते. हळू, पण नेते, आणि मध्यस्थाला त्या वाचता येत नाहीत. ज्यांच्या पेटीत दार उघडता येते त्यांनीही ४४५ हे दार बाहेरच्या जगाला कधीही उघडू नये. ते का, हे पुन्हा सांगत नाही.

त्या केंद्रशाळेतील बाई आता दर शुक्रवारी ओव्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतात आणि डिस्क काढून कपाटात कुलूपबंद ठेवतात. संगणकाची प्रणाली त्यांनी नवी करून घेतली आहे. मी गेल्या वर्षी गेलो तेव्हा फायरवॉल चालू होती, लोकलसेंडला प्रायव्हेटपुरती परवानगी होती आणि चौथीतली एक मुलगी आईच्या फोनवरून फाईल पाठवीत होती.

माझे बोलणे एवढेच. मागच्या भिंतीपाशी दोन संगणक मांडले आहेत. त्यांत मी सकाळी मुद्दाम तीन दोष करून ठेवले आहेत. त्यांपैकी एक पेटीत आहे, एवढे सांगून ठेवतो. चार-चार जणांचे गट करावेत. कोणती चाचणी आधी आणि ती का, हे प्रत्येक गटाने प्रथम कागदावर लिहावे आणि मगच कळफलकास हात लावावा. चार वाजेपर्यंत वेळ आहे. जो गट फायरवॉल बंद करील, त्याला मी पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावयास लावणार आहे.